सोडवणुकीची जागा

बंधनातून मुक्त होण्याचे साधन ज्ञान की कर्म, हा आपल्या तत्त्वचिंतनातील एक अतिप्राचीन आणि अद्यापही न मिटलेला वाद आहे. आणि त्या वादातील उभय पक्षांनी आपापल्या बाजूच्या साक्षीसाठी दोरी आणि सर्प, शिंपला आणि रुपे, कुंभार आणि त्याचे चाक अशा नित्य परिचयाच्या वस्तूंनाच वारंवार पाचारण केलेले असल्यामुळे, त्याच वहिवाटीला अनुसरून या लेखात मोटारीच्या चाकाला साक्षीदार म्हणून उभे केले, तर त्यात औचित्यभंग होईल असे मला वाटत नाही. सांख्यकारिकाकार ईश्वरकृष्णाने ज्ञानोत्तर देहधारणेचा उलगडा करताना कुंभाराच्या फिरत्या चाकाचा आधार घेतला, तो त्या काळी ते चाक गावोगावी होते म्हणून. आज गावोगावी मोटारीचे चाक आहे. ते फिरत असताना काय शिकवते हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मला येथे विचार करावयाचा आहे तो त्याच्यावरचा झिजलेला टायर उतरविण्याच्या प्रसंगाचा, कारण बंध आणि मोक्ष हे दोन्ही शब्द ज्या एकाच कृतीत हाताला प्रत्यक्ष लागतात अशा कृती व्यवहारात थोड्या आहेत आणि ही त्यांपैकी एक आहे.

हे काम घरी करण्याचा प्रघात आता उरलेला नाही. हमरस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात हवेच्या दाबावर चालणारे यंत्र असते आणि चाक त्यावर चढवले की पाच मिनिटांच्या आत टायर एकीकडे व रिम दुसरीकडे होते. तथापि ज्यांच्या वाड्याच्या पडवीत वापरातून गेलेली एखादी जुनी गाडी उभी आहे, किंवा ज्यांना रिम भंगारात घालण्यापूर्वी टायर वेगळे करून हवे आहेत, किंवा ज्यांना आपल्या हाताने होण्यासारखे काम दुसऱ्याकडून करवून घेण्यात उगाच संकोच वाटतो, अशी माणसे अजूनही अंगणात पोते अंथरून, साबणाच्या पाण्याचे घमेले आणि दोन-तीन टाम्या जवळ घेऊन चाकापाशी बसतात. त्यांच्यापुढे जे कोडे येते ते प्रथम नीट मांडले पाहिजे.

उदाहरणादाखल मारुती ८०० या, डिसेंबर १९८३ पासून भारतीय मध्यमवर्गाच्या दारात उभ्या राहिलेल्या गाडीचे चाक घेऊ. तिच्या टायरवर १४५/७० आर १२ असे अंक असतात. म्हणजे टायरची रुंदी १४५ मिलिमीटर, त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि ज्या रिमवर तो बसतो त्या रिमचा व्यास १२ इंच. टायरच्या दोन्ही कडांच्या पोटात पोलादी तारांचे एकेक कडे गुंफलेले असते. रबर ताणते, हे कडे ताणत नाही, आणि ते ताणू नये एवढ्यासाठीच ते तेथे घातलेले असते, कारण ते ताणले असते तर आतल्या हवेच्या दाबाने टायर केव्हाच रिमवरून निसटून गेला असता. आता गंमत अशी, की कड्याचा व्यास बारा इंचांच्या आसपास, तर ज्या उभ्या काठावरून त्याला बाहेर यायचे त्या काठाचा व्यास त्याहून सुमारे इंचभर अधिक. लहान कड्याने, तसूभरही न ताणता, आपल्याहून मोठ्या काठावरून बाहेर कसे यावे? तर्काने पाहू जाता हे अशक्य आहे. आणि तरी तो टायर ज्याअर्थी आत गेलेला आहे, त्याअर्थी बाहेर येण्याचा मार्गही कोठेतरी असलाच पाहिजे.

हा मार्ग आरंभापासून नव्हता. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर तयार करून १८८८ साली त्याचे पेटंट घेतले, तेव्हा तो टायर चाकाशी कायमचा जखडलेला असे. आतील नळीला छिद्र पडले की सारे आवरण उपसून काढावे लागे, आणि दुरुस्तीनंतर ते पुन्हा सरसाने चिकटवून वाळण्याची वाट पाहावी लागे. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ गावी मिशेलिन बंधूंच्या कारखान्याशी असाच एक पंक्चर झालेला सायकलस्वार येऊन थांबला. त्याचा टायर उतरवून दुरुस्त करण्यात तीन तास गेले, सरस वाळण्यात सारी रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी एदुआर मिशेलिन त्या सायकलीवर बसून थोडे अंतर जातो न जातो तोच टायर पुन्हा बसला. या फजितीतून त्या बंधूंनी जो निष्कर्ष काढला तो मोठा मार्मिक होता. टायर अधिक घट्ट कसा चिकटेल याच्या मागे न लागता तो सहज निघेल कसा याचा त्यांनी विचार केला, आणि १८९१ साली काढता-घालता येणाऱ्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत येण्याची, सुमारे बाराशे किलोमीटरांची, सायकलशर्यत शार्ल तेराँ याने याच टायरवर जिंकली. वाटेत त्याचे टायर पंक्चर झालेच. परंतु दुरुस्तीचे जे काम पूर्वी दिवस खात असे ते आता पाव तासाच्या आसपास होऊ लागले होते. इकडे इंग्लंडात चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने १८९० मध्येच न ताणणारी तार कडेत घातलेला टायर आणि मध्यभागी खोलगट असलेले रिम यांची जोडी सुचवून पेटंट घेतले होते, आणि आजच्या मोटारीचे चाक मूलतः त्याच कल्पनेवर उभे आहे.

वेल्चच्या त्या खोलगट पट्ट्यात आपल्या कोड्याचे उत्तर आहे. रिमच्या दोन्ही काठांलगत टायरच्या कडा ज्या बैठकीवर बसतात ती बैठक उंच असते, आणि त्या दोहोंच्या मध्ये सबंध परिघभर एक सखल पट्टा गेलेला असतो. गाडी चालत असताना या पट्ट्याचा काडीइतकाही उपयोग नसतो. तो भार घेत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिसतही नाही. मात्र टायर काढताना कडेचा एक भाग जर त्या सखल पट्ट्यात ढकलला, तर कडे त्या बाजूला जेवढे आत जाते तेवढेच समोरच्या बाजूला सैल पडते, आणि तेवढ्या सैलपणात ते मोठ्या काठावरून अलगद बाहेर येते. कडे ताणले नाही, काठ लहान झाला नाही. केवळ मध्य सरकला.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. चाक गाडीला असताना, ते जमिनीला टेकलेले असेतोवरच, त्याचे नट पान्याने सैल करून ठेवावे लागतात, कारण चाक अधांतरी झाल्यावर पाना फिरवू गेल्यास नटाऐवजी चाकच फिरू लागते. चाक खाली आले की व्हॉल्व्हच्या तोंडातली बारीक पिन फिरवून काढायची. आतली कोंदलेली हवा रबराचा शिळा वास घेऊन सुसाट बाहेर पडते, आणि आवाज थांबला म्हणजे नवशिक्याला वाटते की आता टायर सुटला. पण तो सुटलेला नसतो. ज्या दाबाने त्याला काठाशी रेटून धरले होते तो दाब नाहीसा झाला तरी वर्षानुवर्षे एकमेकांना लागून राहिलेले रबर आणि गंजलेले लोखंड आपली जागा सोडत नाहीत. मग चाक गाडीच्या जॅक लावण्याच्या जागेखाली आडवे ठेवायचे, हँडब्रेक ओढून उरलेल्या चाकांना दगडांची उटी लावायची, जॅकचा तळ रिमला अगदी लागून टायरच्या बाजूवर टेकवायचा आणि तो सावकाश चढवीत जायचे. गाडीचे वजन त्या एका ठिकाणी उतरू लागते, रबर खचते, क्षणभर काहीच घडत नाही असे वाटते, आणि एकाएकी एक दबका, पोकळ आवाज होऊन कड बैठकीवरून खाली घसरते. चाक थोडे फिरवून हेच पुन्हा, मग उलटे करून दुसऱ्या कडेला. त्यानंतर कडेभोवती साबणाचे दाट पाणी सोडायचे, कारण तेलाने काम सुकर झाले तरी रबर नासते, आणि मग टामी हातात घ्यायची.

टामीचे काम सुरू झाले म्हणजे दोन प्रकारची माणसे ओळखू येतात. एक मनुष्य टामी काठात घालतो, कड थोडी वर येते व अडते. तो अधिक जोर लावतो, अधिक लांबीची पहार आणतो, तिच्यावर लोंबकळतो, आणि शेवटी एकतर रिमचा काठ वाकतो, नाहीतर टामी निसटून त्याच्याच नडगीवर बसते. त्याचा जोर जिकडे लागतो तिकडे कडे अगोदरच ताठ झालेले असते, कारण समोरच्या बाजूला तेच कडे अजून उंच बैठकीवर आरामात बसलेले आहे, आणि तिकडे त्याचे लक्ष नाही. दुसरा मनुष्य प्रथम टामीला हातही लावीत नाही. तो चाकाच्या पलीकडे गुडघा टेकून बसतो, अंगाचा भार देऊन तिकडची कड सखल पट्ट्यात उतरवतो, गुडघा तसाच ठेवून अलीकडे दोन-दोन बोटांच्या अंतराने कड काठावर घेत जातो, आणि निम्मा परिघ पार झाला की उरलेली कड हातानेच निघून येते. दोघांच्या अंगात शक्ती सारखीच. एकाने ती सुटण्याच्या ठिकाणी खर्च केली, दुसऱ्याने जेथे टायर सैल होतो तेथे.

या साक्षीचा आता ज्ञानकर्मविचाराला कितपत उपयोग होतो ते पाहू. आद्य शंकराचार्यांचे म्हणणे असे की बंध हा अज्ञानमूलक असल्यामुळे तो ज्ञानानेच नाहीसा होतो; कर्म हे अज्ञानाचे विरोधी नसल्यामुळे कितीही कर्म केले तरी त्याने अज्ञान फिटत नाही. पहारीवर लोंबकळणारा मनुष्य हा या सिद्धांताचा जिवंत दाखला आहे. त्याचे कर्म वाढत जाते तसतसा बंध ताठच होत जातो. परंतु सखल पट्टा कोठे आहे हे ज्याला पूर्णपणे ठाऊक आहे असा पुरुष पडवीतल्या खुर्चीत बसून त्या ज्ञानाचे कितीही निदिध्यासन करील, तरी टायर रिमवरच राहणार, हेही तितकेच खरे; आणि येथे ज्ञानकर्मसमुच्चयवाद्यांना आपली बाजू पुढे रेटण्यास जागा मिळते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्ञानाचे श्रेष्ठत्व मान्य करूनही ज्ञान्याने कर्म टाकता कामा नये असा जो आग्रह धरला, तो महाराष्ट्राच्या कर्तृत्वशील मनाला इतका पटला की संन्यासमार्गाचा कैवार घेणे हे आपल्याकडे जवळजवळ संकोचाचे होऊन बसले.

पण चाकाची साक्ष या दोन्ही पक्षांच्या मांडणीपेक्षा किंचित वेगळी पडते. जाणकार मनुष्याचे ज्ञान त्याच्या कर्माच्या आधी येऊन थांबलेले नाही, आणि कर्म ज्ञानाच्या मागून येऊन त्याला जोडलेले नाही. त्याचा गुडघा जेथे टेकला आहे तेथेच दोन्ही एकत्र आहेत. त्याला खोलगट पट्ट्याची आकृती काढून दाखवा म्हटले तर कदाचित दाखवता येणार नाही, आणि तरी आपला भार कोठे ठेवावा हे त्याला चुकत नाही. ज्ञान आणि कर्म यांची फारकत आपण वादाच्या सोयीसाठी केली आहे. व्यवहारात खरा भेद पडतो तो आंधळ्या प्रयत्नात आणि डोळस प्रयत्नात.

येथे अद्वैती एक आक्षेप घेईल आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो म्हणेल की तुमचा टायर खरोखरच रिमवर बसलेला आहे, आमचा बंध मुळात नाहीच; दोरीवर भासलेला सर्प मारण्यासाठी जशी काठी लागत नाही तसा हा बंध सोडविण्यासाठी गुडघाही लागत नाही, म्हणून दृष्टांत विषम आहे. आक्षेप योग्य आहे, आणि दृष्टांताची धाव एका मर्यादेपलीकडे नेऊ नये हे मला मान्य आहे. तरीही एवढे म्हणता येईल की पहारवाल्या मनुष्याच्या दुःखात भ्रमाचा अंश आहेच. कडे घट्ट आहे हा भ्रम नव्हे; ते सर्वत्र सारखेच घट्ट आहे, त्याला कोठेच सैल होण्याची जागा नाही, हा मात्र निव्वळ भ्रम आहे, आणि त्याचा सारा त्रागा या भ्रमातून निघतो. संसारातील बहुतेक बंधनांविषयी आपली तक्रार तपासून पाहिली तर तिच्यातही हाच भ्रम आढळतो असे मला वाटते.

एवढ्यावर हा लेख संपविता आला असता. परंतु त्या चाकाकडे पाहताना मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न आपल्या मोक्षशास्त्राने क्वचितच विचारला आहे. मोक्षाचा विचार आपण नेहमी बद्धाच्या बाजूने करतो: त्याने काय जाणावे, काय करावे, काय टाकावे. पण ती सखल जागा तेथे आली कोठून? ती बद्धाने निर्माण केलेली नाही, सोडविणाऱ्यानेही नाही. ज्याने बंध घडवला त्यानेच, बंध घडविण्याच्या क्षणी, तो कधीतरी सोडावा लागेल हे मनात धरून ती राखून ठेवली. बांधणाऱ्याचे हे दायित्व धर्मविचारात कोठे बसते?

ते अगदीच उपेक्षित राहिले असे नाही. पूजाविधीत देवतेचे आवाहन करणाऱ्याला उत्तरपूजा आणि विसर्जन हे विधी आरंभीच ठाऊक असतात, आणि पार्थिव मूर्ती मातीचीच का करावयाची याचे कारण त्या विसर्जनात आहे; प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीने आपल्या तळ्यांत आणि नद्यांत जो उपद्रव मांडला तो विसर्जनाची जागा न राखता केलेल्या आवाहनाचाच परिणाम होय. कायद्याच्या क्षेत्रात पाहिले तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाण सोडविण्याचा हक्क गहाणाच्या व्यवहारातच अनुस्यूत मानला आहे, आणि तो हक्क मारणारी अट दस्तात कोणी घातली तरी न्यायालये तिला जुमानीत नाहीत. विवाहासंबंधी शास्त्रकारांनी अशी जागा ठेवली नाही असे म्हणतात. परंतु महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोडीची रूढी पिढ्यान्पिढ्या चालत आली होती, आणि १९४७ साली मुंबई प्रांतात व १९५५ साली जवळजवळ सर्व देशात हिंदू विवाहाला घटस्फोटाची तरतूद लाभली, तेव्हा सोडवणुकीची वाट ठेवली की बंध दुबळा होतो असा जो विरोधकांचा मुख्य युक्तिवाद होता, तो तेराँच्या टायरवरून बाराशे किलोमीटर नेऊन पाहण्यासारखा होता. निघू शकणारा टायर चालताना निघत नाही. त्याला रिमशी धरून ठेवतो तो आतला दाब. आणि ज्या बंधात आत काही भरलेले आहे त्याला सरसाची गरज पडत नाही, तर ज्यातले सारे निघून गेले आहे तो केवळ गंजाने चिकटून राहिला तर त्या चिकटण्याला निष्ठा म्हणावे काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

या दृष्टीने सर्वांत सूक्ष्म विचार जैन आचार्यांनी केलेला दिसतो. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त कर्मबंधाचे प्रकृती, स्थिती, अनुभाग आणि प्रदेश असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतील स्थिती म्हणजे त्या बंधाची मुदत होय. कर्म जीवाला चिकटते त्याच क्षणी ते किती काळ राहणार हेही ठरते. बंध आणि त्याची मुदत एकाच वेळी जन्मतात. टायरच्या बाजूवर चार अंकांत त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष कोरलेले असते, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा, आणि त्याच्या खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे बारीक उंचवटे ठेवलेले असतात. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांशी समपातळीत आला की त्याचे आयुष्य संपले. कारखान्यात टायर घडविणाऱ्याने त्याचा मृत्यू त्याच्याच अंगावर लिहून दिला आहे, आणि वापरणाऱ्याने तो वाचला नाही तर दोष कारखानदाराचा नाही.

परंतु जैन विचारात याच्या पुढची एक पायरी आहे, आणि ती आपल्याला टायर उतरल्यानंतरच्या प्रश्नाकडे नेते. काही कर्म असे असते की तप, पश्चात्ताप, काही केल्या त्याची मुदत कमी होत नाही, तीव्रता मंदावत नाही, त्याचे रूप पालटत नाही. ते भोगूनच संपवावे लागते. त्याला निकाचित कर्म म्हणतात. आता रिमपासून मोकळा होऊन अंगणात पडलेल्या टायरकडे पाहावे. रिमशी असलेला त्याचा बंध सुटला, पण त्याच्या स्वतःच्या पोटातला बंध? झाडाच्या चिकाचे रबर उन्हात पाघळते व थंडीत तडकते म्हणून त्याला स्थिर करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयरला १८३९ साली गंधक आणि उष्णता यांच्या योगाने सापडली, आणि १८४४ साली त्याने तिचे पेटंट घेतले. गंधकाचे अणू रबराच्या लांब साखळ्यांमध्ये आडवे सांधे घालतात, आणि एकदा हे सांधे जुळले की ते पूर्ववत सोडविण्याची सोपी वाट नाही. धातू वितळवून पुन्हा ओतता येतो, काच वितळवता येते. टायर तापविला तर तो वितळत नाही, करपतो आणि पेटतो. त्याच्या टिकाऊपणाचे सारे रहस्य या सांध्यांत आहे, आणि त्याच्या न संपणाऱ्या शेषाचेही. वेल्चने रिममध्ये जागा ठेवली. गुडइयरच्या शोधात तशी जागा नव्हती.

निकाचिताशी गाठ पडल्यावर मनुष्य ज्या रीतीने वागतो त्यावरून त्याच्या त्यागाची जात कळते. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार केले आहेत: मोहाने केलेला तो तामस, देहाला क्लेश होतील या भीतीने केलेला तो राजस, आणि कर्तव्य करीत राहून आसक्ती व फळ यांचा केलेला तो सात्त्विक. जुना टायर गच्चीवर टाकून देणे हा आपल्याकडचा प्रचलित त्याग आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचते. टायरची घडणच अशी की तो उभा ठेवा वा आडवा, थोडे पाणी त्याच्या पोटात राहतेच, आणि डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास तेथे अंडी घालतो. ती अंडी पाणी आटल्यावरही महिनोन्महिने जिवंत राहून पुढच्या पावसाची वाट पाहतात. दुसरा त्याग होळीत होतो. टायर होळीत घालू नका असे नगरपालिका सांगत राहतात, आणि तरी कोणीतरी तो घालतोच. काळा, घशाशी बसणारा धूर गल्लीभर पसरतो, आणि धुळवडीच्या सकाळी राख उकरून पाहिली तर सारे रबर जळून गेलेले असले तरी पोलादी तारांची ती दोन कडी, किंचित निळसर पडलेली, जशीच्या तशी हाताला लागतात. अग्नीला जे अर्पण केले ते त्याने घेतले नाही. त्याने ते शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत वाटून टाकले. अशा त्यागात वस्तू आपल्या दृष्टीआड होते एवढेच. तिचा भोग दुसऱ्याच्या खात्यावर चढतो.

याच्या उलट, निकाचित कर्म भोगून संपवावे तसे टायर वापरून संपविणारे लोकही आपल्यातच आहेत. लाकडी चाकाची बैलगाडी जाऊन जिला अजून डनलॉप गाडी म्हणतात ती रबरी चाकांची गाडी आली, तेव्हा मोटारीने टाकलेल्या टायरला बैलाच्या चालीने आणखी कित्येक वर्षे मिळाली. त्याहून झिजलेल्या टायरच्या चपला झाल्या, आणि त्या पायांत घालून माणसे काट्याकुट्यांतून आणि उसाच्या फडातून चालली. बंदरांच्या धक्क्यांवर टांगलेले टायर होड्यांचे धक्के सोसत राहिले. यांतील कोणीही टायरचा मोक्ष साधला नाही; त्यांनी त्याचे भोगायचे आयुष्य प्रामाणिकपणे भोगू दिले. अर्थात ज्या संख्येने टायर आज तयार होतात तिला चपला आणि धक्के पुरे पडणे शक्य नाही, आणि म्हणून जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने घातक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून टाकाऊ टायरच्या पुनर्वापराचे उत्तरदायित्व उत्पादकांवर आणि आयातदारांवर टाकले. या हुकमाची अंमलबजावणी कशी होते हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे. पण त्यामागचे तत्त्व धर्मशास्त्राने लक्षात घेण्याजोगे आहे: ज्याने बंध घडवला त्याच्याकडेच त्याच्या सोडवणुकीचा हिशेब मागावा.

ज्ञान की कर्म, हा वाद पुढेही चालत राहील आणि राहावा. त्यात आपल्या बुद्धीचा आणि शीलाचा उत्कर्ष झाला आहे. परंतु त्या वादातील दोन्ही पक्षांनी बंध हे एक दिलेले सत्य धरून चालण्याची जी सवय लावून घेतली, ती मात्र आता सोडली पाहिजे असे मला वाटते. प्रत्येक पिढी आपल्या हाताने नवे बंध घडविते: वस्तूंचे, कराराचे, संस्थांचे, नात्यांचे आणि श्रद्धांचे. त्यांतील काही ती स्वतः भोगेल, पुष्कळसे मागून येणाऱ्यांना भोगावे लागतील. मागून येणारा ज्ञानी असेल, तर सैल जागा तो शोधून काढील. कर्मठ असेल, तर गुडघा टेकून बसेल. मात्र जागाच ठेवलेली नसेल, तर त्याच्या ज्ञानाला काही दिसणार नाही आणि त्याच्या कर्माने काठ तेवढा वाकेल. म्हणून कोणतीही गोष्ट घट्ट बांधताना, ती सुटेल कोठून, हा प्रश्न बांधणाऱ्याने प्रथम स्वतःला विचारावा. आणि त्याचे उत्तर जर त्याला देता येत नसेल, तर ती गोष्ट बांधण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, याची रुजवात त्याने घालून घ्यावी. मुमुक्षूची कर्तव्ये आपल्या शास्त्रांनी विस्ताराने सांगितली आहेत. बांधणाऱ्याची कर्तव्ये सांगणारे प्रकरण अजून लिहायचे आहे, आणि ते लिहिण्याची पाळी आता आपली आहे.